विश्लेषण : धावत्या सायकलचा गिअर दुसऱ्याने बदलला तर? बिनतारी सायकलींचा नवा प्रश्न काय?

रविवारी पहाटे सुकापूर, आकुर्लीवरून नेऱ्याकडे आणि पुढे गाढेश्वर धरण, मालडुंगे, धोदाणीपर्यंत सायकलस्वारांचे गट जाताना दिसतात. माथेरानच्या पायथ्याचा हा रस्ता नवी मुंबईकर सायकलपटूंच्या सवयीचा झाला आहे. यातल्या अनेक सायकलींवर आता वेग, पायडलच्या फेऱ्या, हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणे असतात आणि काही महागड्या सायकलींचे गिअरही तारेविना बदलतात. ही उपकरणे एकमेकांशी रेडिओलहरींवरून बोलतात. हे बोलणे दुसऱ्या कोणी ऐकले किंवा त्यात आपला आवाज मिसळला तर काय होईल, हा प्रश्न २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रयोग करून दाखवल्यानंतर ऐरणीवर आला. त्यानंतर वर्षभरातच युरोपातील नव्या नियमांमुळे सायकल सेन्सरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या पद्धतीचा प्रमाणपत्र कार्यक्रम बंद पडला. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ या शर्यतीच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या २.२ दर्जाची स्पर्धाही महाराष्ट्रात आली. त्यामुळे हा विषय आता परदेशातला राहिलेला नाही.

सायकलवर कोण कोणाशी बोलते?

सायकलवरची वीज म्हणजे डायनॅमो, अशी एक पिढी होती. मागच्या चाकाला घासणारी बाटलीच्या आकाराची डायनॅमो आणि तिच्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत जाणारी एकच तार. परतीची तार नसायची, ते काम सायकलचा लोखंडी सांगाडाच करायचा. तार तुटली की दिवा बंद आणि बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचे.

आजच्या सायकलवर चाकाच्या तुंब्यावर बसवलेला वेगाचा सेन्सर असतो, क्रँकवर पायडलच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर असतो. छातीवरच्या पट्ट्यात हृदयाचे ठोके मोजले जातात. हौशी मंडळींकडे पायडलवर किती जोर पडतो हे मोजणारा पॉवर मीटर असतो. मागून येणारे वाहन ओळखणारा रडारयुक्त दिवाही मिळतो. गार्मिनच्या अशा एका दिव्याचा रडार २४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि सुमारे १४० मीटर मागचे वाहन ओळखतो. डंपरची वर्दळ असलेल्या रस्त्यावर ही चैन नव्हे, असे अनेक सायकलस्वार सांगतात. या साऱ्यांचा श्रोता म्हणजे हँडलवरचा छोटा संगणक किंवा मोबाइल.

यात गंमतही होते. नेऱ्याच्या नाक्यावर चहा पीत उभा असताना माझ्या हँडलवरच्या पडद्यावर मिनिटाला १७१ ठोके दिसू लागले होते. घाबरून नाडी तपासली, तर ती शांत. माझी जोडणी शेजारी नुकत्याच येऊन थांबलेल्या, घामाघूम झालेल्या स्वाराच्या पट्ट्याशी झाली होती. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. या लेखाचा निम्मा विषय या प्रसंगात आला.

तार नाही, मग निरोप जातो कसा?

बहुतेक सायकल उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. भारतात २००५ च्या अधिसूचनेनुसार २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवाना लागत नाही. जागा फुकट असल्याने गर्दी होते आणि गर्दीत आपला निरोप पोहोचवण्यासाठी युक्त्या लागतात.

सेन्सरमध्ये बहुधा नाण्याएवढी ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी असते. ती अनेक महिने पुरवायची, तर सेन्सरने सतत बडबड करून चालत नाही. म्हणून तो जवळपास सगळा वेळ झोपतो आणि क्षणभर जागा होऊन निरोप टाकतो. ‘अँट प्लस’ या पद्धतीत वेगाचा सेन्सर सेकंदाला साधारण चार वेळा निरोप पाठवतो. प्रत्येक निरोप जेमतेम आठ बाइटचा.

या निरोपात काय असते, हे पाहण्यासारखे आहे. सेन्सर ‘आता वेग ताशी २३ किलोमीटर’ असे सांगतच नाही. चाकाच्या आतापर्यंत एकूण किती फेऱ्या झाल्या आणि शेवटची फेरी नेमकी कधी पूर्ण झाली, एवढेच तो सांगतो. वेळ मोजण्याचे एकक सेकंदाचा १०२४ वा भाग. समजा, मागच्या निरोपात फेऱ्यांचा आकडा ४१२० होता, आता ४१२३ आला आणि दोन्ही वेळांतील अंतर १०२४ म्हणजे बरोबर एक सेकंद आहे. रोड सायकलच्या चाकाचा घेर सुमारे २.१०५ मीटर धरला, तर तीन फेऱ्यांत ६.३१५ मीटर अंतर झाले, म्हणजे वेग ताशी सुमारे २२.७ किलोमीटर. हा हिशेब हँडलवरचा संगणक करतो. (टायर बदलून घेराचा आकडा बदलायला विसरलात तर सगळेच अंतर चुकते, ते यामुळेच.)

एकूण फेऱ्या पाठवण्यात मोठा शहाणपणा आहे. गर्दीत मधले दोन-तीन निरोप हरवले, तरी पुढच्या निरोपात एकूण आकडा असतोच. वेगाचा काटा क्षणभर अडखळेल, पण अंतर बुडत नाही. ब्लूटूथच्या वेगसेन्सरचीही रीत हीच आहे.

रेंज नाही, पाऊस आहे. मग काय होते?

मालडुंग्याच्या पुढे मोबाइलची रेंज गेली तर बिनतारी गिअर चालतील का, असे विचारले जाते. चालतात. या संवादाचा मोबाइलच्या टॉवरशी काहीही संबंध नाही. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही तुमच्याच सायकलवर असतात, त्यांच्यात मीटरभराचे अंतर.

पावसाबद्दलही गैरसमज आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषते हे खरे, पण मीटरभर अंतरात पडणाऱ्या थेंबांनी काही बिघडत नाही. खरा अडथळा स्वाराचे शरीर. आपल्या शरीरात पाणीच जास्त असल्याने पाठीच्या खिशात ठेवलेल्या मोबाइलला पुढच्या चाकावरचा सेन्सर नीट ‘ऐकू’ येत नाही. तोच मोबाइल हँडलवर लावला की तक्रार थांबते. कोकणच्या पावसाळ्यात सेन्सर मरतात ते बॅटरीच्या झाकणातून आत गेलेल्या पाण्यामुळे. झाकणाची रबरी कडी दर वर्षी तपासली तरी बरेच काम होते.

उच्चदाब वाहिन्यांखालून जाताना ठोके अचानक २२० दाखवले, असे जुने सायकलस्वार सांगतात, तेही खोटे नाही. जुने छातीपट्टे ५ किलोहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्रावर चालत आणि वीजवाहिन्यांच्या खरखरीने त्यांचा घोटाळा होई. आजच्या पट्ट्यांना तो त्रास सहसा होत नाही.

गिअर तारेविना कधीपासून?

फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९९ मध्ये बिनतारी गिअरचा संच आणला होता, पण तो टिकला नाही. जपानच्या शिमानोने २००९ मध्ये विजेवर चालणारे ‘डीआय२’ गिअर आणले, मात्र ते तारेचे होते. अमेरिकेच्या स्रॅमने २०१५ मध्ये पूर्ण बिनतारी संच जाहीर केला. शिमानोने २०२१ मध्ये मधला मार्ग निवडला. हँडलवरची बटणे आणि मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, यांच्यातला संवाद बिनतारी आणि डिरेलरना वीज मात्र सीटखालच्या नळीतील बॅटरीतून तारेने. गेल्या काही वर्षांत मध्यम श्रेणीच्या संचातही हे तंत्र आले आणि ते हौशी स्वारांपर्यंत पोहोचले.

२०२४ मध्ये काय उघड झाले?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आणि सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ‘मेकशिफ्ट’ या नावाने शोधनिबंध मांडला. मरियम मोतल्लेबीघोमी, आंजन रंगनाथन आणि अर्लेन्स फर्नांडिस हे त्याचे लेखक. बाजारात सहज मिळणाऱ्या रेडिओ उपकरणांनी त्यांनी शिमानोच्या बिनतारी गिअरचा संदेश हवेतून ध्वनिमुद्रित केला आणि तोच पुन्हा प्रक्षेपित केला. गिअर बदलला. सुमारे १० मीटर अंतरावरून, सायकलला हात न लावता, संदेश वाढवणारे वेगळे यंत्र न वापरता.

त्यांनी कुठलेही कुलूप फोडले नव्हते. संदेशाचा अर्थ न उलगडताही काम झाले. शाळेची घंटा कोणी मोबाइलवर रेकॉर्ड करून भलत्या वेळी लाऊडस्पीकरवर वाजवली, तर पोरे दप्तर उचलून बाहेर पडतीलच. घंटा खरी की नक्कल, हे ओळखण्याची सोय त्यांच्याकडे नसते. डिरेलरचेही तसेच झाले. आलेला आदेश आत्ताचा आहे की मघाचाच पुन्हा आला आहे, हे तो तपासत नव्हता.

दुसरा प्रकार लहरी जाम करण्याचा. गर्दीतल्या एकाच विशिष्ट सायकलचे गिअर निकामी करून इतरांना धक्का न लावणे शक्य असल्याचे निबंधात दाखवले आहे. व्यावसायिक शर्यतीत याचा अर्थ गंभीर होतो. घाटात चढ चढताना साखळी अचानक जड गिअरवर गेली तर स्वार जागीच अडतो. अंतिम रेषेपूर्वीच्या धावेत असे झाले तर मागचे दहा जण अंगावर येऊ शकतात. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणांनी पोळलेल्या या खेळात मागे पुरावा न ठेवणारा हा मार्ग कोणाला मोहात पाडू शकतो, हा संशोधकांचा मुद्दा होता.

संशोधकांनी दोष आधी कंपनीला कळवला. शिमानोने त्यांच्यासोबत दुरुस्ती तयार केली. ती आधी व्यावसायिक संघांना आणि ऑगस्टच्या अखेरीस सर्वसामान्य ग्राहकांना ‘ई-ट्यूब प्रोजेक्ट’ या अ‍ॅपमार्फत देण्यास सुरुवात झाली. अशा नकलेवर सर्वसाधारण उपाय जुनाच आहे. प्रत्येक आदेशाला चढता क्रमांक द्यायचा आणि तो गुप्त किल्लीने मोहोरबंद करायचा. ५०२ क्रमांकाचा आदेश पाळून झाल्यावर पुन्हा ५०२ आला तर ऐकायचे नाही. मोटारीच्या रिमोट किल्ल्यांमध्ये ही पद्धत कित्येक वर्षे आहे. सायकलच्या बाबतीत तिचा विचार उशिरा झाला, कारण सायकलवर कोणी हल्ला करील असे कोणाच्या डोक्यात नव्हते.

माहिती आणि आदेश यांत फरक काय?

माझ्या मते या चर्चेत हाच भेद हरवतो. माझ्या पडद्यावर दुसऱ्याचे ठोके आले तेव्हा नुकसान काय झाले? चहा सांडला. सेन्सर माहिती देतो. ती चुकली तर आकडा चुकतो. गिअरचे बटण मात्र आदेश देते आणि तो चुकला तर लोखंड हलते. दोन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात, सारख्याच चिपवरून चालतात म्हणून त्यांना सारखीच सुरक्षा पुरेल, हा समज धोक्याचा आहे.

याचा विचार कोणी केलाच नव्हता असेही नाही. जर्मनीतील सारलँड विद्यापीठाने २०११ मध्ये बिनतारी ब्रेकची प्रायोगिक सायकल तयार केली होती. हँडलची मूठ जितकी घट्ट आवळावी तितका ब्रेक जोरात, तारही नाही आणि ब्रेकचा दांडाही नाही. संदेश २५० मिलिसेकंदांत अमलात यायला हवा, अशी अट होती. ताशी ३० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळेत सायकल दोन मीटर पुढे गेलेली असते. गणिताने त्यांनी काढलेली विश्वासार्हता ९९.९९९९९९९९९९९७ टक्के होती. हा हिशेब निरोप हरवण्याचा होता. कोणी मुद्दाम खोटा निरोप पाठवला तर, हा प्रश्न त्या आकड्यात बसत नाही. आज दुकानात मिळणाऱ्या सायकलींचे ब्रेक तारेचे किंवा तेलाच्या दाबाचेच आहेत आणि ते तसेच राहिलेले बरे. आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींतही मोटर, थ्रॉटल आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच तारांनीच जोडलेले असतात. ब्लूटूथ असले तर ते मुख्यतः अ‍ॅपवर माहिती दाखवण्यासाठी.

‘अँट प्लस’चे काय झाले?

कॅनडातील डायनास्ट्रीम या कंपनीने अँट ही पद्धत विकसित केली आणि २००६ मध्ये गार्मिनने ती कंपनी विकत घेतली. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर आणि पडदे एकमेकांशी जुळावेत म्हणून ‘अँट प्लस’चे सामायिक नियम ठरले. तिचा मोठा गुण म्हणजे सेन्सर आकाशवाणीसारखा बोलतो, ज्याला ऐकायचे त्याने ऐकावे. एकाच पट्ट्याचे ठोके घड्याळ, हँडलवरचा संगणक आणि प्रशिक्षकाचा टॅब्लेट एकाच वेळी घेऊ शकतात.

हाच गुण आता दोष ठरला आहे. युरोपीय संघाच्या रेडिओ उपकरणांविषयीच्या निर्देशातील सायबर सुरक्षा आणि खासगीपणाच्या अटी १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या. ऐकणारा कोण हे तपासायची आणि निरोप कुलूपबंद करायची सोय ‘अँट प्लस’च्या सामायिक नियमांत नाही. त्यामुळे तिचा सदस्यत्व आणि प्रमाणपत्र कार्यक्रम ३० जून २०२५ रोजी संपवण्यात आला.

मग घरातले सेन्सर भंगारात काढायचे का? अजिबात नाही. जुनी उपकरणे पूर्वीसारखीच बोलत राहतील. प्रश्न पुढच्या खरेदीचा आहे. कंपन्यांचा कल ब्लूटूथकडे आहे आणि आज ना उद्या नवा पडदा आणि जुना सेन्सर यांची भाषा जुळणार नाही. दोन्ही भाषा बोलणारा सेन्सर घेणे सध्या शहाणपणाचे.

ब्लूटूथ म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही समजू नये. ठोक्यांचे अनेक पट्टे ब्लूटूथवरही कोणतीही ओळख न विचारता जोडले जातात. शिवाय एक नवी डोकेदुखी आहे. अनेक ब्लूटूथ सेन्सर एका वेळी एकाच श्रोत्याशी जोडले जातात. सकाळी निघताना खिशातल्या मोबाइलने सेन्सर आधीच पकडला तर हँडलवरच्या संगणकाला तो सापडतच नाही. ‘सेन्सर खराब झाला’ असे वाटले की आधी मोबाइलचे ब्लूटूथ बंद करून पाहावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आपल्याकडे कायदा काय पाहतो?

भारतात अशा रेडिओ उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण मान्यता लागते. ती तपासते वारंवारता आणि शक्ती, म्हणजे उपकरण ठरलेल्या पट्ट्यात आणि ठरलेल्या आवाजात बोलते की नाही. त्याचा निरोप नक्कल करता येतो का, हे त्या मान्यतेचे काम नव्हे. लहरी जाम करणारे यंत्र मात्र खासगी व्यक्तीने वापरणे बेकायदा आहे. युरोपच्या नियमांचा फायदा आपल्याला अप्रत्यक्षपणे मिळेल, कारण मोठ्या कंपन्या वेगळ्या बाजारांसाठी वेगळ्या चिप बनवत बसत नाहीत. स्वस्त, नाव नसलेल्या आयात सेन्सरबाबत ती खात्री देता येत नाही.

नेऱ्याच्या रस्त्यावर याचा अर्थ काय?

धोदाणीच्या चढावर कोणी झुडपात दबा धरून तुमचे गिअर बदलील, ही शक्यता जवळपास शून्य आहे. दहा मीटरच्या आत रेडिओ घेऊन बसण्याइतके बक्षीस आपल्या रविवारच्या फेरीला नाही. तरी अपडेट फुकट आहे. ऑगस्ट २०२४ पूर्वी घेतलेला संच असेल आणि त्यानंतर अ‍ॅप एकदाही उघडले नसेल, तर तो दोष अजून तसाच असू शकतो. पुण्यासारख्या ठिकाणी शर्यतीत उतरणाऱ्यांनी तरी ही तपासणी टाळू नये.

रोजच्या वापरात मोठा धोका बॅटरीचा आहे. साध्या गिअरची केबल तुटली तर कुठल्याही सायकल दुकानात थोडक्या पैशांत नवी मिळते आणि दुरुस्त करणारा माणूसही मिळतो. बिनतारी संच लाखाच्या घरातला. त्याची बॅटरी डोंगराच्या पायथ्याशी संपली तर गावातला कारागीर काही करू शकत नाही, सायकल एकाच गिअरवर पनवेलपर्यंत आणावी लागते. स्रॅमची डिरेलर बॅटरी साधारण ६० तास चालते, शिमानोची बॅटरी एका चार्जिंगमध्ये साधारण १००० किलोमीटर. आकडे मोठे असल्यामुळेच चार्ज करायचे विसरायला होते. स्रॅमच्या पुढच्या आणि मागच्या डिरेलरला सारखीच बॅटरी बसते, म्हणून मागची संपली तर पुढची काढून मागे लावता येते. पुढचा गिअर अडकून राहील, पण मागच्या गिअरवर घरी पोहोचता येईल. शिमानोत बॅटरी एकच असल्याने ही सोय नाही.

जुन्या बाजारातून बिनतारी गिअरची सायकल घेणाऱ्यांनी व्यवहार करतानाच विक्रेत्याच्या मोबाइलवर अ‍ॅप उघडायला लावावे, त्याने ठेवलेली पासकी विचारून घ्यावी आणि अपडेट तिथेच करून पाहावे. सायकल ताब्यात आल्यावर पासकी बदलावी.

— डिजिटल डेस्क